एकशेवीस

त्याचं खरं नाव कॉलेजच्या हजेरीपटावर असतं. निवारा केंद्रात त्याला ‘एकशेवीस’ म्हणतात. जुलै-ऑगस्टात प्रवेश उरकले की तो उगवतो आणि परीक्षेचं वेळापत्रक लागलं की मावळतो. पुढच्या पावसाळ्यात दुसरा येतो. चेहरा वेगळा, बूट वेगळे, कधी मुलगा, कधी मुलगी, पण पहिल्या दिवशी व्यवस्थापक मॅडमना विचारायचा प्रश्न तोच, “मॅडम, आजचे किती तास धरणार?” म्हणून नावही तेच चालतं, आजोबांचं नातवाला ठेवावं तसं.

एकशेवीस हा आकडा राष्ट्रीय सेवा योजनेचा. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातल्या ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. स्वयंसेवकानं वर्षाला १२० तास समाजकार्य करायचं, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. ब्रीदवाक्य असं की माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी. छातीवर बिल्ला, त्यावर कोणार्कच्या रथाचं चाक, चाकाला आठ आरे. आठ प्रहर, म्हणजे चोवीस तास, सेवेला तयार असा त्याचा अर्थ. पहिला एकशेवीस हा अर्थ समजावून सांगत होता तेव्हा केटरिंगवाले बाबा खाटेवर बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, “मग रोज चोवीस तास भरले तर पाच दिवसांत सुटशील की.”

हे बाबा लग्नसराईत वाढप्यांचे मुकादम असतात. पांढरा शर्ट आणि काळा बो गादीखाली घडी करून ठेवलेला. सीझन संपला की केंद्रात येऊन राहतात. हजेरी आणि मजुरी यांचा हिशेब त्यांना तोंडपाठ.

“एकशेवीस तासांचे मिळतात किती?”

“पैसे नाही मिळत बाबा. मार्क मिळतात.”

“किती?”

“दहा.”

“म्हणजे बारा तासाला एक मार्क.” बाबांनी क्षणभर विचार केला. “आमचा ठेकेदार बरा.”

पुढे नवं शैक्षणिक धोरण आलं, मार्क जाऊन क्रेडिटची भाषा आली. बाबांना तीही समजावून सांगण्यात आली. उधारीवर काम करायचं नसतं एवढंच ते म्हणाले.

मी टपाल खात्यातून निवृत्त झालेला माणूस. जन्मभर पत्ते वाचले. आता पत्ता नसलेल्यांचे अर्ज भरतो. निवारा केंद्र महापालिकेचं, गंगेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो, बाहेरच्यांनी गोंधळून जाऊ नये.) संजय गांधी निराधार योजना, श्रावणबाळ योजना, आधार कार्डातली दुरुस्ती अशी कामं असतात. निराधारचे महिन्याला दीड हजार मिळतात, पण महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा दाखला लागतो. ज्यानं ती पंधरा वर्षं नारोशंकराच्या देवळाखालच्या पायऱ्यांवर काढली, त्याच्या वतीनं साक्ष द्यायला तिथली घंटाच काय ती आहे. तर या अर्जांच्या टेबलाशी बसल्या बसल्या मला एकशेविसांचं दर्शन घडतं. मॅडम त्याला पहिल्यांदा माझ्याकडेच पाठवतात. मी त्याला आजींकडे पाठवतो.

आजी मूळच्या चांदवड तालुक्यातल्या. केंद्रातल्या सगळ्यात जुन्या. नवीन एकशेवीस आला की त्याची तपासणी त्या करतात. झाडू हातात घेऊन तो फोटोसाठी उभा राहतो तेव्हा मूठ कुठे धरायची हे आजी दाखवतात. “गाडगेबाबांच्या गावात आला आणि झाडू धरता यीना?” गाडगेबाबांचा जन्म विदर्भातला, पण त्यांनी नाशकात धर्मशाळा बांधली, घाटावरच्या पुलाला त्यांचं नाव आहे, आणि त्यांच्या दशसूत्रीत बेघरांना आसरा हे कलम आहे, तेव्हा आजींचा दावा फेटाळता येत नाही.

पहिल्या महिन्यात एकशेवीस सर्वेक्षण करतो. ते केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, कारण सर्वेक्षणाला तास भरपूर धरतात. प्रश्नावली मात्र त्याची नसते. कॉलेजनं आदल्या वर्षी कुठलं तरी गाव दत्तक घेतलेलं असतं, त्या गावासाठी केलेल्या प्रश्नावलीचीच झेरॉक्स इथे येते.

“आजी, घराचा प्रकार? कच्चं, पक्कं की मिश्र?”

“कोणतं सांगू? माहेरचं का सासरचं?”

“सध्याचं.”

“सध्याचं तुला दिसतंय ना. वर काय हाये, पत्रा का स्लॅब?”

“स्लॅब.”

“मग लिही पक्कं.”

“शेती?”

“तीन एकर. कांद्याची. दिराच्या ताब्यात हाये, पण नाव लावायचं राह्यलंय.”

“जनावरं?”

“दोन म्हशी. एक भाकड.”

“भाकड ही जात कुठली?”

आजींनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, “लिही. मुऱ्हा भाकड.” त्या म्हशी मरून बरीच वर्षं झाली होती, पण प्रश्नावलीत ‘सध्या आहेत का’ असा रकाना नव्हता. अहवालात पुढे आलं की केंद्रातील लाभार्थ्यांकडे एकूण अकरा जनावरे असून परिसरात पशुवैद्यकीय शिबिर घेण्याची नितांत गरज आहे. तो अहवाल नीट स्पायरल बाइंडिंग करून मॅडमच्या कपाटात ठेवलेला आहे. लहर आली की बाबा तो मागून घेतात आणि आपले तीन बैल कुठे चरत असतील याची चौकशी करतात.

आकड्यांवर हसणं सोपं, पण बेघरांविषयीचे सरकारी आकडेही धड हाताला लागत नाहीत. शहरात दर एक लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांच्या निवाऱ्याची सोय हवी, आणि ती बारा महिने, चोवीस तास, असं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानं घालून दिलेलं माप आहे. त्याच्या आधी, २०१०मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं थंडीत रस्त्यावर मरणाऱ्यांची दखल घेऊन राज्यांना निवारे उभारायला सांगितलं होतं. नाशिक २०११च्या जनगणनेत १४ लाख ८६ हजारांचं. म्हणजे त्याच मापानं तेव्हाच जवळपास पंधराशे माणसांची सोय लागत होती. आणि बेघर मोजले कधी? २८ फेब्रुवारी २०११च्या एका रात्रीत. साऱ्या देशात मिळून पावणेअठरा लाख भरले. हे मी एकदा बाबांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, “त्यात मी नाही. त्या रात्री सिन्नरला लग्न होतं.” आता जनगणना २०२७ला आहे म्हटल्यावर त्यांनी लग्नाचे मुहूर्त बघून ठेवायला सांगितलंय.

डिसेंबर हा एकशेविसाच्या भरभराटीचा महिना. निफाडला पारा घसरल्याची बातमी छापून आली की दुसऱ्या दिवशी नाशिकचा परोपकार जागा होतो. ब्लँकेटं येतात. मंडळाची येतात, संघटनेची येतात, वाढदिवसाची येतात. केंद्रात थंडी नसते असं नाही, पण ब्लँकेट नसतं असं तर मुळीच नाही. आजींच्या खाटेखाली त्यांचा गठ्ठा आहे. नसतात त्या वस्तू वेगळ्या: आतले कपडे, मापाच्या चपला, चष्म्याची तुटलेली काडी, गुडघ्याला चोळायचा बाम, मोबाइल चार्ज करायला जादा प्लग. या वस्तू कोणी देत नाही, कारण देताना फोटो नीट येत नाही. बनियन हातात देतानाचा फोटो कोण लावणार?

एकशेवीस फोटोची जबाबदारी घेतो. आजींना यातलं सगळं कळतं. त्या पदर सारखा करतात, केसांवरून हात फिरवतात आणि सूचना देतात, “निळं नको. निळं मागच्या फोटोत झालंय. लाल दे.”

जेवणाचंही तेच. घाटावर उपाशी मरायला होत नाही, पण पोट सांभाळायला पंचांग पाठ लागतं. अमावास्येला, शनिवारी मारुतीपुढे, रामकुंडावर कोणाचा दहावा-तेरावा असला तर खिचडी, बुंदी, पुरी-भाजी. सर्वपित्रीला एकेका माणसाला तीन-तीन पंगती. दुसऱ्या दिवशी पितर गेलेले, वाढणारेही गेलेले. एकशेविसाला वाटतं, अन्न कमी पडतंय. ते एकाच दिवशी येतं, ही खरी अडचण त्याला सांगावी लागते. एका एकशेविसानं त्यावर तक्ता केला होता: कोणत्या वारी कोणत्या ठिकाणी काय मिळतं. मला तो फार उपयोगी वाटला. त्याच्या सरांनी, यात जनजागृतीचा भाग कुठे आहे, असं विचारून तो परत पाठवला.

याच थंडीत रात्रीची शोधमोहीम निघते. महापालिकेची गाडी, सोबत पोलीस, केंद्राची माणसं आणि बिल्ला लावलेला एकशेवीस. उघड्यावर झोपलेल्यांना उठवायचं, समजूत घालायची आणि गाडीत बसवायचं. एकशेविसाला वाटतं, छप्पर म्हटल्यावर माणूस धावत येईल. माणूस येत नाही. त्याची हातगाडी असते, तिचं काय करायचं? कुत्रं असतं, त्याला आत घेत नाहीत. नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोल्या मिळतात. तंबाखू बंद. पहाटे मजूर अड्ड्यावर पोहोचायचं असतं. आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे आज उठलं तर उद्या त्या जागेवर दुसराच झोपलेला असतो. फुटपाथच्या जागेलाही ताबा लागतो. निवृत्तीनंतर पोरांच्या बंगल्यात राहायला गेलेले आणि स्वतःची चाळीतली खोली न सोडणारे बरेच जण माझ्या ओळखीचे आहेत, त्यामुळे मला याचं नवल वाटत नाही.

गेल्या मोसमातला एकशेवीस फारच तळमळीचा. दुतोंड्या मारुतीपाशी त्याला कोपऱ्यात घोंगडी पांघरलेला म्हातारा दिसला. पायात चपला नाहीत, उशाला पिशवी. हा गुडघ्यांवर बसला, आवाज मऊ केला. “आजोबा, उठा. आपण घरी जाऊ.”

म्हातारा ताडकन उठला. “कोणाच्या घरी?”

“निवारा केंद्रात. तिथे गादी आहे, गरम पाणी आहे. लाजायचं नाही. कोणावरही वेळ येते.”

म्हाताऱ्यानं टॉर्चच्या उजेडात चष्मा शोधला, लावला, बिल्ला वाचला. “चोपड्याला माझा तीन मजली बंगला आहे,” तो म्हणाला. “भावाच्या अस्थी घेऊन आलोय. सकाळी सहाला गुरुजी येणार आहेत. लॉजवर ढेकूण होते म्हणून इथे आलो. चपला कोणीतरी नेल्या, त्या शोधून आणतो का?”

एकशेविसानं खरंच शोधल्या. मिळाल्या नाहीत. तरी तेवढे दोन तास मॅडमनी धरले.

फेब्रुवारीत परीक्षा जवळ येते आणि तास कमी पडायला लागतात. अशा वेळी सांस्कृतिक कार्यक्रम कामाला येतो, कारण तालमीचेही तास धरतात. २७ तारखेला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. तात्यासाहेब नाशिकचे, ‘नटसम्राट’ त्यांचं. तेव्हा गेल्या मोसमातल्या त्याच एकशेविसानं अप्पासाहेब बेलवलकरांचं घर मागणारं स्वगत केंद्रात सादर करायचं ठरवलं. कोणापुढे काय सादर करतोय हे त्याच्या ध्यानात आलं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. अंगावर आजींच्या गठ्ठ्यातलं तपकिरी ब्लँकेट, केसांना टाल्कम पावडर. आधी त्यानं गोष्ट सांगितली: मोठा नट, सगळं मुलांना वाटून टाकलं, मुलाकडे पटलं नाही, मुलीकडे चोरीचा आळ आला, म्हातारा घराबाहेर पडला. मग स्वगत. पोरगा वाईट करत नव्हता. आवाज चढवला की पत्र्याचं कपाट थरथरायचं. संपल्यावर कोणी बोलेना. त्याला वाटलं, रडतायत.

बाबांनी हात वर केला. “त्याचं आधार कार्ड होतं का?”

“बाबा, ते नाटक १९७० सालचं आहे.”

“मग रेशन कार्ड तरी असेल. नटाला पेन्शन असते. अर्ज केला नाही वाटतं.” आणि माझ्याकडे बोट दाखवून, “यांच्याकडे पाठवायचं.”

आजींचा आक्षेप अधिक मूलभूत होता. “आळ आला म्हणून कोणी उठून जातं? आळ काय अंगाला चिकटतो? दोन दिवस तोंड पाडून बसायचं, पण गादी सोडायची नाही.” मग थोडं थांबून, “त्याच्या बायकोनं सांगितलं आसल. त्यानं आइकलं नसल.”

एवढं नेमकं परीक्षण मी वर्तमानपत्रात वाचलेलं नाही. एकशेवीस पावडर झटकत माझ्या टेबलापाशी आला आणि विचारलं, “काका, त्यांना आवडलं का?” मी म्हटलं, त्यांनी बेलवलकरांची केस हातात घेतली, याहून काय हवंय?

त्या कार्यक्रमानंतर कधीतरी त्यानं नखं कापली. केंद्रात एक फारसं न बोलणारे गृहस्थ आहेत, त्यांना वाकता येत नाही. पायाची नखं वाढून, जाड होऊन बोटांत रुतत होती, म्हणून ते चपला घालत नसत. याआधी चार संस्थांनी त्यांना चपला दिल्या होत्या. याच्या कसं लक्षात आलं कोण जाणे. बादलीत कोमट पाणी आणलं, पाय बुडवून ठेवले आणि शेजारी फरशीवर मोबाइलमध्ये बघत बसला. मग नेलकटर लावलं. ते दातच घेईना. न्हाव्याकडून मोठं हत्यार मागून आणलं. पहिलं नख सुटलं ते उडून थेट माझ्या चहात. अंगठ्याला तो हळूहळू, कडेनं जात होता, जीभ दातांत धरून, आणि ते गृहस्थ छताकडे बघत होते, पाय आपला नसल्यासारखे. करंगळीला थोडं रक्त आलं. “सॉरी, सॉरी,” हा म्हणाला. गृहस्थ म्हणाले, “होऊ दे.” त्यांचा आवाज आम्ही बऱ्याच दिवसांनी ऐकला.

नोंदवहीत ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात त्यानं लिहिलं, ‘वैयक्तिक स्वच्छतेबाबत जनजागृती’. मॅडमनी ते खोडलं आणि लिहिलं, ‘नखं कापली’. दीड तास झाला होता, त्यांनी दोन धरले.

मला विचाराल तर सेवेला येणाऱ्यांत एकशेवीस हाच मला सर्वांत परवडतो. बाकीचे जे येतात ते काही न घेता देतो असं म्हणत येतात आणि पुण्य, फोटो, मनःशांती, वडिलांच्या स्मृतीला पाटी, असं बरंच काही घेऊन जातात. एका बाईंना तर इथे येऊन स्वतःचा शोध लागायचा होता. तीन आठवडे त्यांची समजूत घालण्यात मॅडमचा जीव मेटाकुटीला आला. एकशेवीस येतानाच सांगतो की मला सही हवी आहे. सगळ्यांना ठाऊक असतं की हा घ्यायला आलाय. आजी, बाबा, सगळे त्याला मदत करतात. कोणी मुद्दाम लांबलचक उत्तरं देतं, कोणी तिसऱ्यांदा लाल ब्लँकेट स्वीकारतं. आठ-दहा तास कमी पडले तर आजी मॅडमकडे शब्द टाकतात, “धरा की. लेकराचं वरीस जाईल.” एरवी ज्यांनी सतत घ्यायचंच असतं, त्यांना काहीतरी द्यायला मिळतं.

गेल्या मोसमातल्या त्या एकशेविसाचे तास मार्चात भरले. प्रमाणपत्र मिळालं. त्यानंतर तो सेवेला आला नाही. एप्रिलच्या शेवटी आला तो बाबांकडे, काम मागायला. सुट्टी लागली होती, हातात पैसा नव्हता आणि घरी मागायची सोय नव्हती. बाबांनी त्याला उभं करून चालवून बघितलं. ट्रे खांद्याच्या वर धरायचा, पाहुण्याच्या डाव्या बाजूनं जायचं, नवऱ्या मुलाच्या मामाला पहिल्यांदा विचारायचं, आणि गुलाबजाम दोनाच्या वर मागितला तर ‘आणतो’ म्हणून निघून जायचं. ठेकेदार नव्या पोराला घेईना. बाबा म्हणाले, “माझ्या जबाबदारीवर.”

गंगापूर रोडच्या एका लॉन्सवरच्या त्या लग्नाला मीही होतो, वधूपक्षाकडून. फेटा बांधलेला, पांढऱ्या शर्टातला एकशेवीस पुऱ्यांचा ट्रे घेऊन ओळीतून येत होता आणि माझ्या शेजारच्या ताटावर त्याचे राष्ट्रीय सेवा योजनेचे सर बसले होते. दोघांनी एकमेकांना बघितलं. सरांच्या तोंडात बटाट्याची भाजी होती. एकशेविसानं दोन पुऱ्या वाढल्या आणि खाली वाकून हळूच विचारलं, “सर, हे पुढच्या वर्षीच्या तासांत धरता येतील का?”

मागून बाबांचा आवाज आला, “गप रे. इथे पगार मिळतो. चार नंबरला मठ्ठा संपलाय, तो ने आधी.”